खंडेनवमीची बंदूक

बाबा, तुमची बंदूक मी उघडली. ती मोठी, लाकडी दस्त्याची, तुम्ही फ्लोमार्क्टमधून, जुन्या बाजारातून, गंजलेली उचलून आणली होती ती. आणलीत तेव्हा आई दारातच म्हणाली होती, "लोकांचे नवरे शनिवारी भाजी घेऊन येतात." तुम्ही बूट काढता काढता म्हणालात, "अगं, हवेची आहे, छर्र्यांची. लायसन्ससुद्धा लागत नाही." आणि आई म्हणाली, "भाजीलाही लागत नाही." तीच बंदूक. तुम्ही गेल्यापासून ती खाली तळघरात, केलरमधल्या तुमच्या कपाटात कुलपात होती. वर्षातून एकदा पूजेपुरती वर यायची आणि परत खाली जायची. ती मी उघडली, दुरुस्तही केली, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात असा काही गोंधळ झालाय की तुम्हालाच विचारायला हवं, दुसरं कोणाला विचारून उपयोग नाही.

आधी सांगते की उघडायची वेळ का आली. आई हे घर सोडते आहे. तिचे गुडघे आणि केलरचा जिना यांचं आता जमत नाही, म्हणून ती माझ्याजवळ कार्ल्सरूहेला येणार आहे, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक फ्लॅट मिळालाय. मी दर शनिवार-रविवार बाड हॉम्बुर्गला येते आणि आम्ही सामान आवरतो. तुमच्या शूटिंग क्लबमधले ते उंच आजोबा, मुलांना शिकवायचे ते, अजून शिकवतात. त्यांना कुठून तरी कळलं आणि त्यांनी फोन केला, की बंदूक चालत असेल तर मुलांच्या गटाला द्याल का, जुन्या बंदुकांवर मुलं फार नीट शिकतात. आई लगेच हो म्हणाली. मी म्हटलं, आधी तपासते. तुम्हाला माहीतच आहे मी कशी आहे ते. घराचं दार ओढल्यावर परत हात लावून बघते, जिना उतरल्यावर वर येऊन पुन्हा बघते. लहान मुलांच्या हातात जायची वस्तू मी न तपासता देणं शक्यच नव्हतं.

आणि ती बिघडलेली निघाली. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर वाकवून, खाली ओढली की आत स्प्रिंग दाबली जाते आणि खटक्यात अडकते, टक् असा आवाज येतो, तो आवाज मला झोपेतही ओळखू येईल. तो कधी येत होता, कधी नाही. आला नाही की नळी परत उसळायला बघायची. तिथे एखाद्या मुलाची बोटं असतील तर काय होईल हे तुम्ही मला एकदा गाजर धरून दाखवलं होतं. आईने ते गाजर उचलून विचारलं होतं, "आता ह्याची कोशिंबीर करू का?"

मग मी तुमच्या टेबलाशी बसले. तोच दिवा, तीच हिरवी फेल्टची चटई, तेलाचा तोच वास. सगळं तुम्ही शिकवल्यासारखं केलं. आधी काहीच उघडायचं नाही, नुसतं बघायचं. कधी बिघडतं, कधी नाही. बिघडायच्या आधी शेवटचं काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग परत बघायचं. घाई झाली की हात धुऊन यायचं. मी कितीदा हात धुऊन आले म्हणून सांगू. आई वरून ओरडली, "पाणी संपवशील, अजून ह्या घराचं बिल मलाच येतंय."

एका वेळी एकच बदलण्याची ती शिस्त मला कशी लागली ते आठवतं तुम्हाला? मी नऊ-दहा वर्षांची असेन. बंदूक डावीकडे मारत होती. तुम्ही चहा प्यायला वर गेला होतात. मी दस्त्याचा पुढचा स्क्रू घट्ट केला, आणि तुम्ही यायच्या आत पुढची साइटही, नेम धरायची ती खूण, जराशी सरकवली. तुम्ही आलात, केलरच्या टोकाला लावलेल्या पुठ्ठ्यावर छर्रा मारला, मधोमध. मी उड्या मारायला लागले. तुम्ही विचारलंत, काय केलंस? मी दोन्ही सांगितलं. तुम्ही स्क्रू सैल केलात, साइट पूर्वीच्या जागी आणलीत, बंदूक परत डावीकडे मारायला लागली. "आता सांग, कशामुळे झालं होतं?" मी जर्मनमध्ये म्हटलं, मला माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "मराठीत सांग. 'माहीत नाही' हे मराठीत म्हणायला जास्त लाज वाटते, म्हणून मराठीत सांग." मी रडले. तुम्ही रुमाल दिलात, तोही तेलाचा. मग म्हणालात, "आपोआप बरं झालेलं मला नको. का बरं झालं ते कळलं पाहिजे. नाहीतर ती आपली फसवणूक आहे, आणि बंदुकीपुढे फसवणूक चालत नाही."

हे वाक्य मी किती वापरते म्हणून सांगू. ऑफिसात माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं आहे. लोक म्हणतात, आता चालतंय ना, मग सोड. मी सोडत नाही. माझा टीमलीड वैतागून म्हणतो, "आल्झो, तुला चालणाऱ्या गोष्टींचाच जास्त त्रास होतो." खरंच होतो. मी ह्या एका वाक्यावर उभी आहे, बाबा, ते तुमचं वाक्य आहे. म्हणून मी एवढी गोंधळले आहे.

कारण सापडलं. कसं सापडलं ते सांगितलं तर तुम्ही खूश व्हाल, की लाजाल, हेच मला कळत नाही. दोन शनिवार काही हाती लागलं नाही. खटक्याची धार बघितली, झिजलेली नव्हती. स्प्रिंग सरळ होती. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की बंदूक टेबलावर डाव्या कुशीवर ठेवली आणि तशीच उचलून ओढली की खटका अडकत नाही, आणि सरळ उभी धरून आणली की अडकतो. म्हणजे आत काहीतरी फिरतंय, सैल आहे, जागा बदलतंय. तुम्ही मला दिलेल्या स्क्रूड्रायव्हरने चापाचा भाग उघडला. तो स्क्रूड्रायव्हर, माझ्या बाराव्या वाढदिवसाचा. वर्गातल्या मुलींना स्केट्स मिळायचे, आणि मला तुम्ही स्वतः घासून ह्याच बंदुकीच्या स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असं पातं केलेला स्क्रूड्रायव्हर दिला होतात. मी मैत्रिणींना सांगितलंच नव्हतं. अजूनही तो इतका नेमका बसतो की हात सोडला तरी उभा राहतो. चापाचा भाग बाहेर काढला, चटईवर उपडा केला, आणि एक दाणा पडला.

तांदळाचा. पिवळा. हळद लावलेला.

मी किती वेळ नुसती बघत बसले. मग समजलं, आणि समजल्यावर हसूच आलं, कारण हा बिघाड जगात दुसऱ्या कुठल्याच घरात होणार नाही. क्लबचा नियम आहे की बंदूक खाली ठेवायची ती नळी मोडून, उघडी, रिकामी आहे हे सगळ्यांना दिसेल अशी. तुम्ही तो नियम घरातही पाळायचात, देवासमोरसुद्धा. खंडेनवमीला आई पाटावर लाल कापड घालायची, त्यावर तिची विळी, शिवणाचं मशीन शेजारी, माझी कंपासपेटी, तुमचे पाने आणि पकडी, आणि मधोमध ही बंदूक, नळी मोडलेली, पोट वर केलेली. तुम्ही म्हणायचात, "देवालाही दिसू दे, रिकामी आहे." आणि पोटाकडे ती लांब फट, ज्यातून ओढायची दांडी जाते. त्या फटीवर आईच्या अक्षता. हळद-कुंकू तुम्ही दसऱ्याच्या संध्याकाळी तेलाच्या फडक्याने पुसून काढायचात. पण आत गेलेले दाणे कोण पुसणार.

इथपर्यंत सोपं आहे. तुम्ही गेल्यावरही आईने पूजा सोडली नाही, मी लहानपणापासून बघितल्याप्रमाणे बंदूक मोडून, उलटी ठेवत राहिले, एखाद्या वर्षी दाणा गेला. पण मग मला नोव्हेंबर आठवले. बिघडण्याआधी शेवटचं काय बदललं हे तुम्ही विचारायला शिकवलं होतं ना, तर मी विचारलं. आणि उत्तर असं आलं की बंदूक दरवर्षी दसऱ्यानंतरच बिघडायची.

दरवर्षी, बाबा. पानं गळून जायची, घड्याळं मागे घेतली जायची, आणि तुम्ही जेवताना म्हणायचात, "ती परत नखरे करायला लागली. शनिवारी बघू या?" आणि मग तो पूर्ण महिना शनिवार दुपारी केलर. मी जेवून लगेच खाली पळत यायची. तुम्ही बंदूक उघडायचात, चापाचा भाग काढायचात आणि म्हणायचात, "पहिली पुसणी माझी." माझ्याकडे पाठ करून, दिव्याकडे तोंड करून पुसायचात, फुंकर मारायचात, मग माझ्यासमोर ठेवायचात. "चल, शोध." आणि मी शोधायची. एका वर्षी दट्ट्याचा चामडी वॉशर कोरडा पडलेला मी शोधला. त्यावर तेलाचे थेंब टाकून आपण आठवडाभर वाट बघितली होती, रोज शाळेतून आल्यावर मी बोटाने दाबून बघायची की चामडं मऊ झालं का. एका वर्षी सैल स्क्रू शोधला. एका वर्षी स्प्रिंगवरचं घट्ट झालेलं ग्रीस. दर वेळी जोडल्यावर बंदूक टक् म्हणायची आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचात, "शाबास, सापडला चोर." मला शाळेत इतक्या मोकळेपणाने शाबास कोणी म्हटलं नाही.

आता मी मोठ्या माणसासारखा विचार करते. कोरड्या वॉशरमुळे छर्रा हळू जाईल, खटका अडकायचा थांबणार नाही. सैल स्क्रूमुळे नेम चुकेल. बिघाड तेव्हाही खटक्यातच होता, टक् कधी यायचं, कधी नाही, आणि खटका त्या पहिल्या पुसणीतच बरा झालेला असणार. म्हणजे पुढचे सगळे शनिवार मी एका धड बंदुकीत चोर शोधत होते. आणि शेवटची जी गोष्ट मी बदलायची तिला आपण कारण म्हणायचो. हे म्हणजे तुम्ही मला जे करू नकोस म्हणून रडवलं होतं, तेच झालं ना?

तर मला दोनच शक्यता दिसतात आणि दोन्ही आवडत नाहीत. एक, तुम्हाला तांदूळ कधी दिसलाच नाही, फडक्याबरोबर कुठेतरी गेला. मग तुम्ही, जे मला एकेक खूण वाचायला शिकवायचात, तेच वर्षानुवर्षं डोळ्यांसमोरचं चुकत होतात. दुसरी, तुम्हाला दिसला होता. मग तुम्ही दाणा खिशात टाकून वळायचात आणि मला म्हणायचात, चल, शोध. मी दोन्ही उलटसुलट करून बघते. ट्रेनमध्ये बघते, ऑफिसात बघते. माझी पहिली शाबासकी ज्यासाठी मिळाली तो चोर तिथे नव्हताच, हे कळल्यावर बाकीचं काय काय तपासायला घ्यायचं?

मी क्लबमध्येही जाऊन आले. आजोबा आता काठी घेऊन चालतात पण आवाज तोच. मी आडून विचारलं, बाबांच्या बंदुकीला कधी काय झालं होतं, आठवतं का? ते म्हणाले, "गेनाऊ, नेमकं काय व्हायचं ते मला माहीत नाही. पण शरद ऋतूतल्या स्पर्धेला तो कायम क्लबची बंदूक घ्यायचा. म्हणायचा, माझी घरी दुरुस्तीला आहे. मी चिडवायचो, एवढा मोठा इंजिनिअर आणि एक बंदूक महिनाभर? इकडे आण, दहा मिनिटांत करून देतो. तर म्हणायचा, नको, नको, तुम्ही दहा मिनिटांत कराल." एवढं सांगून ते हसले. मीही हसले. बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर ते वाक्य मी परत म्हणून बघितलं, तुम्ही दहा मिनिटांत कराल. पण माणूस ऐंशीच्या पुढचा आहे. तुम्ही खरंच तसं म्हणालात की त्यांनी आत्ता बनवलं, कोण जाणे.

राहता राहिली आई. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त भीती होती. तिला काय सांगायचं? तुझ्या अक्षतांमुळे ती दरवर्षी बिघडायची, तू नवऱ्याच्या हत्याराला ओवाळायचीस आणि तुझ्याच हातून त्यात दाणा जायचा? त्या स्पर्धेत तुम्ही कधी पहिले आला नाहीत, आणि ती दर वेळी म्हणायची, "माझी पूजा कमी पडली वाटतं." दुसरीकडे खोटं बोलणं मला जमत नाही. तुम्हीच तसं केलंय मला. दाणा मी रुमालात बांधून खिशात ठेवला आणि आठवडाभर कार्ल्सरूहेला घेऊन फिरले.

गेल्या रविवारी आई स्वयंपाकघरात भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. शेगडीवर साबुदाण्याची खिचडी. तिने वर न बघता विचारलं, "सापडलं का गं तुला, काय झालंय त्या बंदुकीला? ते आजोबा परत फोन करतील."

"सापडलं."

"मग?"

मी स्प्रिंग म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. मग रुमाल काढला आणि टेबलावर उघडला. "हे होतं."

तिने चष्मा डोक्यावरून खाली घेतला. "तांदूळ? कसला?"

"आपला. पूजेचा."

मला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी खिचडीकडे बघत होते. आईने दाणा बोटाने उलटा करून बघितला. मग तिला हसू फुटलं, असं की हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं. "अगं, तरीच! तरीच मला दरवर्षी सांगायचे, काय गंमत बघ. मी आपली चिमूटभर टाकायची. तर म्हणायचे, चिमूटभर काय टाकतेस, मूठभर टाक, वर्षभराचं काम आहे तिला. इथे टाक, पोटावर. मला वाटायचं, जर्मनीत येऊन माणूस भाविक झाला."

"म्हणजे त्यांना माहीत होतं?"

"मला काय विचारतेस? केलरमध्ये तुम्ही दोघं बसायचात. मी वरून हाका मारून दमायची, चहा गार व्हायचा." तिने खिचडी ढवळली. हसू गेलं होतं. "मला एवढंच माहीत आहे की तू बालवाडीत जायला लागलीस आणि आम्हाला जर्मनमध्ये उत्तरं द्यायला लागलीस. मी मराठीत विचारायची, तू जर्मनमध्ये सांगायचीस. तुझे बाबा जेवताना गप्प बसायचे. त्या एका महिन्यात तेवढं तुझं मराठी खालून ऐकू यायचं. चोर काय, खटका काय, 'अहो बाबा हे बघा' काय. मी जिन्यात बसून ऐकायची."

"जिन्यात?"

"मग काय करणार. खाली आले असते तर तू परत जर्मन सुरू केलं असतंस."

बाबा, तुम्ही मला तिथे काय शिकवत होतात? मला आत्तापर्यंत वाटत होतं की तुम्ही मला बंदूक शिकवत होतात, संयम शिकवत होतात, खरं कारण सापडेपर्यंत थांबायला शिकवत होतात. ते शिकले मी, त्याचीच नोकरी करते. पण ज्या भाषेत मी हे लिहिते आहे ती मला कोणत्याही शाळेत मिळाली नाही, ती त्याच टेबलाशी आली, आणि ती येण्यासाठी कदाचित तुम्ही मला दरवर्षी एक महिना फसवलंत. फसवणूक चालत नाही म्हणाला होतात ना? मी रागावायला बघते आणि रागावता येत नाही. कृतज्ञ व्हायला बघते, तर मध्येच पुन्हा वाटतं की कदाचित हे सगळं आम्ही दोघी बनवतोय, तुम्ही खरंच भाविक झाला असाल, दाणा खरंच फडक्यात गेला असेल, आणि मूठभर म्हणजे नुसतंच मूठभर. तुमच्याच पद्धतीने गेलं तर पुरावा नाही. एक दाणा, एका म्हाताऱ्या माणसाची आठवण, आणि आईचं हसणं. एवढ्यावर ऑफिसात मी कोणाचं काही मान्य केलं नसतं.

आता सामान जवळपास बांधून झालंय. तुमचं टेबल मी घेते आहे, माझ्या केलरमध्ये तिरकं ठेवलं तर मावतं, मी दोनदा मोजून आले. परवा खंडेनवमी आहे, ह्या घरातली शेवटची. लाल कापड आईने बांधायचं बाकी ठेवलंय. ती विचारत होती, "आता अक्षता टाकू की नको? तूच सांग बाई, तू तज्ज्ञ." मी म्हटलं, टाक. तिने विचारलं, किती? मी म्हटलं, नेहमीइतक्या. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तांदळाला हळद लावायला घेतली.

बंदूक आता उत्तम आहे. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, उलटी, सुलटी, दर वेळी टक्. मी इतक्या वेळा करून बघितलं की अंगठ्याला फोड आलाय. मुलांच्या हातात निर्धास्त द्यावी अशी झाली आहे. काल आजोबांचा फोन आला होता. बाबा, मी त्यांना सांगितलं की अजून दोष सापडत नाहीये, जरा वेळ लागेल.